खडकावर राजधानी वसवणारा मलिक अंबर

शेवगावहून नगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात अमरापूर येते. रेणुकामातेच्या देवस्थानासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. एस. टी. गावाजवळ आली की बसल्या जागेवरून हात जोडणारे प्रवासी हमखास दिसतात. या गावाचे मूळ नाव अंबरापूर होते, ते मलिक अंबरच्या नावावरून पडले आणि निजामशाहीच्या या वजिराने अखेरचा श्वासही येथेच घेतला, असे या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्याचा देह पुढे खुलताबादला नेण्यात आला व तेथे त्याने हयातीतच बांधून ठेवलेल्या कबरीत तो विसावला. अमरापूरहून खुलताबादकडे निघालेला माणूस शेवगाव ओलांडतो, पैठणला गोदावरी पार करतो आणि वाटेत एका मोठ्या शहरातून जातो. ते शहर मलिक अंबरनेच वसवले होते. त्याने त्याला खडकी म्हटले, त्याच्या मुलाने फतेहनगर, औरंगजेबाने औरंगाबाद आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते.

मलिक अंबर म्हटले की आपल्याला गनिमी कावा आठवतो. दिल्लीच्या अफाट फौजांना पंचवीस वर्षे दख्खनच्या उंबरठ्यावर झुंजवत ठेवणारा सेनापती, मराठा सरदारांना सोबत घेणारा मुत्सद्दी, जमीनमहसुलाची घडी बसवणारा कारभारी, ही त्याची रूपे शालेय पुस्तकांमुळे परिचयाची आहेत. नगररचनाकार अंबर मात्र उपेक्षित राहिला. राजधान्या गमावत गमावत राज्य चालवणाऱ्या या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात उजाड माळावर एक राजधानी उभी केली. ती शत्रूने त्याच्या डोळ्यांदेखत दोनदा जाळली आणि तरीही ती मेली नाही. ती का मेली नाही, याचे उत्तर तिच्या इमारतींत फारसे सापडत नाही. ते जमिनीखाली आहे.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ चा, इथिओपियातला. त्याचे मूळ नाव चापू. दारिद्र्यापायी आईवडिलांनीच त्याला विकले, असे सांगतात. गुलामांच्या बाजारात हा पोरगा हातोहात फिरत राहिला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या धन्याने त्याची हुशारी हेरली, त्याला लिहायला-वाचायला व हिशेब ठेवायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. त्या काळी दख्खनच्या दरबारांत हबशी गुलामांना मोठी मागणी होती. मात्र येथील गुलामगिरी म्हणजे मळ्यात राबवून घेण्याची नव्हे. येथे गुलामाला तलवार व घोडा मिळे, धनी वारला की बहुधा मुक्तीही मिळे आणि अंगात पाणी असेल तर सरदारकीही. १५७०च्या दशकाच्या आरंभी अंबर अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा चंगीझखान हा मूर्तझा निजामशहाचा पेशवा होता, आणि तोही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्या पदरी असे सुमारे हजार हबशी होते.

अंबरच्या तरुण डोळ्यांना जे नगर दिसले ते नीट लक्षात घ्यायला हवे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर ऐन भरात होते. भुईकोट किल्ला, बागा, मशिदी, सरदारांचे वाडे हे तर होतेच. पण नगरचे खरे वैभव पाण्याचे होते. कापूरवाडी, शेंडी, नागापूर अशा आसपासच्या गावांकडून खापराच्या नळांनी पाणी शहरात व किल्ल्यात आणलेले होते. वाटेवर ठिकठिकाणी उसासे, हौद आणि कारंजी होती. फराहबागेचा महाल तर भर तळ्यात उभा राहिला. त्याचे काम १५८३ मध्ये पुरे झाले. कमी पावसाच्या मुलुखात शहर कसे जगवायचे, याचा धडा अंबरला येथेच मिळाला असणार. हे अनुमान आहे, पण पुढे त्याने जे केले ते पाहता फारसे धाडसी नाही.

१५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून देणारा चंगीझखान लवकरच दरबारी कारस्थानात विषप्रयोगाने मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. स्वतंत्र झालेला हा हबशी पोटासाठी गोवळकोंडा व विजापूरकडे गेला. तेथील चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला. पण परमुलुखात मन रमेना म्हणून म्हणा किंवा पगार परवडेना म्हणून म्हणा, १५९५ च्या सुमारास दीडशे स्वारांसह तो पुन्हा निजामशाहीत परतला. नेमकी तीच वेळ मोगलांनी साधली होती. अकबराच्या फौजांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. चाँदबीबीने पहिला वेढा परतवला. दुसऱ्या वेढ्यात, १६०० मध्ये, ती स्वकीयांच्या हातून मारली गेली, किल्ला पडला आणि बालराजा बहादूर निजामशहा कैद होऊन ग्वाल्हेरला गेला. दिल्लीच्या दृष्टीने निजामशाही संपली.

राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही. अशा वेळी अंबरने परंड्याच्या किल्ल्यावर राजघराण्यातील एका तरुणाला मूर्तझा निजामशहा दुसरा म्हणून गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. यानंतर दहा वर्षे निजामशाहीची राजधानी म्हणजे जेथे छावणी पडेल ती जागा असेच चित्र होते. परंडा झाले, प्रतिस्पर्धी राजू दख्खनीला १६०७ मध्ये कैद केल्यावर जुन्नर झाले, मग दौलताबाद. १६१० मध्ये त्याने नगरचा किल्लाही मोगलांकडून परत मिळवला. त्याच वर्षी मूर्तझाला विषप्रयोगाने मरण आले. जावई व सासऱ्याचे बिनसले होते आणि या मृत्यूमागे अंबरच होता, असे इतिहासकार मानतात. नंतर मूर्तझाच्या लहान मुलाला बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसवण्यात आले. अंबरच्या चरित्रातले हे पान अनेक लेखक घाईने उलटतात. पण गुलामगिरीतून वर आलेला हा माणूस साधुसंत नव्हता. सत्ता कशाने टिकते हे त्याने दरबारांतच पाहिलेले होते.

नगर हाती आले होते, मग राजधानी नगरलाच का नेली नाही, असा प्रश्न पडतो. मोगलांच्या वाटेवर असलेले नगर एकदा पडले होते, ते पुन्हा पडू शकत होते. आणि पुढे पडलेही. दौलताबादचा किल्ला अभेद्य, पण डोंगराच्या पायथ्याशी मोठे शहर पोसायला तेथे जागा व पाणी दोन्ही अपुरे. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने दिल्ली तेथे हलवली होती, त्या फसलेल्या प्रयोगाची स्मृती अजून ताजी होती. अंबरने मधला मार्ग काढला. दौलताबादपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर, खाम नदीच्या काठी खडकी नावाचे एक किरकोळ खेडे होते. नावाप्रमाणेच खडकाळ. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर आणि मध्ये पसरट खोरे. १६१० मध्ये त्याने या ठिकाणी राजधानी वसवायला घेतली. त्या वेळी त्याचे वय साठीच्या पुढे होते.

या शहराला त्याने तट बांधला नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. तटबंदी हा त्या काळी राजधानीचा पहिला दागिना. पण अंबरचे युद्धशास्त्र वेगळे होते. शत्रूचे मोठे सैन्य आले की त्याच्याशी समोरासमोर भिडायचे नाही. हलक्या घोडदळाने त्याची रसद तोडायची, वैरण जाळायची, रात्री छापे घालायचे आणि तो दमला की मागे वळायचे. ज्याला बारगीरगिरी म्हणत ते हेच. तटाच्या आत कोंडून घेणे या शास्त्रात बसत नव्हते. शहर सोडायचे, दौलताबादच्या किल्ल्यात आसरा घ्यायचा आणि शत्रू परतला की पुन्हा यायचे, असा हा विचार असावा. त्याची किंमत शहराला मोजावी लागली, ते पुढे येईलच. खडकीभोवती तट उभा राहिला तो औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये. आज शहरात जे दरवाजे दाखवले जातात त्यांतले बहुतेक त्या तटाचे आहेत.

याला मोठा अपवाद आहे तो भडकल दरवाजाचा. हा अंबरचा. गुजरातकडून चालून आलेल्या मोगल फौजेची त्याने दाणादाण उडवली, त्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये तो उभारला गेला. म्हणजे हा वेशीचा दरवाजा नव्हे. मोकळ्या जागेत उभी केलेली विजयाची कमान आहे. शहरातील दरवाजांत तो सर्वांत भारदस्त मानला जातो. त्याच्यापुढे आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तेथे जनसागर लोटतो. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसाच्या दरवाजापुढे ही गर्दी जमावी हा योगायोग असला, तरी लक्षात राहणारा आहे.

राजवाड्यासाठी अंबरने नौखंडा महाल बांधला. तो पुढे पहिल्या निजामाने वाढवला आणि वापरला. जामा मशिदीचा जुना भाग अंबरच्या काळचा, विस्तार औरंगजेबाचा. काळ्या दगडाच्या, बैठ्या घाटाच्या आणखी काही मशिदी त्याने बांधल्या. त्यांत नक्षीचा सोस नाही. जवळच मिळणारा काळा दगड, चुना आणि जाड भिंती. ताजमहालाची छाया घेऊन आलेला बीबी का मकबरा पाहायला येणारे पर्यटक या मशिदींकडे फिरकत नाहीत. आपणही त्यांना कधी नेत नाही, हे कबूल केले पाहिजे.

रस्ते व पुरे यांची कथा अधिक रंजक आहे. राजधानीत नुसता राजवाडा असून भागत नाही. सरदार, व्यापारी व कारागीर येऊन राहावे लागतात. अंबरने आपल्या मराठा सरदारांना शहराभोवती जागा दिल्या आणि त्यांच्या नावांचे पुरे वसले. मालोजींचा मालपुरा, खेळोजींचा खेळपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा अशी नावे परंपरेने सांगितली जातात. भोसल्यांचे वेरूळ येथून हाकेच्या अंतरावर. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजोबांच्या पिढीतील ही नावे एका हबशी वजिराच्या राजधानीच्या नकाशावर उमटली होती. शहाजीराजे तरुणपणी ज्या दरबारात वाढले तो हाच. मात्र हा नकाशा आत्मीयतेचाच होता, असे समजू नये. सरदारांचे कुटुंबकबिले राजधानीत राहिले की त्यांची निष्ठाही काही प्रमाणात राजधानीत अडकून राहते, हे अंबरला कळत होते. तरीही ती प्रत्येक वेळी अडकली नाहीच.

आता पाण्याकडे वळू. खाम नदी पावसाळ्यात वाहणारी, उन्हाळ्यात कोरडी. खडकाळ जमिनीत विहिरी खणणे कष्टाचे. फौज, घोडे, हत्ती, बाजार आणि हमामखाने असलेल्या शहराला पाणी आणायचे कोठून? अंबरने शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेले पाणी हेरले. ते अडवून, भूमिगत बोगद्यातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. हीच ती प्रसिद्ध नहर-ए-अंबरी. मूळ तंत्र इराणचे; त्याला कनात म्हणतात. डोंगराच्या कुशीत जमिनीखाली आडवी पोकळी खणत न्यायची. तिच्या भिंतींतून झिरपणारे पाणी थेंबाथेंबाने गोळा होते. बोगद्याचा उतार इतका बेताचा ठेवायचा की पाणी थांबू नये आणि धावूही नये. धावले तर तळ खरवडतो, थांबले तर गाळ बसतो. ठरावीक अंतरावर वरून तोंडे ठेवायची. त्यांतून खोदकामाचा मुरूम बाहेर काढता येतो, आत हवा खेळते आणि पुढे माणूस उतरवून गाळही काढता येतो. शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांत शिरते. नळात हवा कोंडून दाब वाढू नये म्हणून वाटेवर उंच दगडी स्तंभ उभारलेले असतात, तेथून ते पुन्हा खाली उतरून पुढे जाते आणि वाड्यावाड्यांच्या व मोहल्ल्यांच्या हौदांत पडते. यात कोठे मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. साठी ओलांडलेल्या या वजिराने खणकऱ्यांना दिलेले काम म्हणजे डोळ्यांना न दिसणारी राजधानी होती, असेच म्हणावे लागेल.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. पाणचक्की पाहणाऱ्या अनेकांना ती मलिक अंबरची वाटते; मार्गदर्शकही कित्येकदा तसेच सांगतात. पाणचक्की व तिची नहर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी निगडित असून ती अठराव्या शतकातील आहे. अंबरने वाट दाखवली, नंतरच्यांनी त्याच पद्धतीने एकामागून एक नहरी काढल्या आणि शहराखाली त्यांचे जाळे विणले गेले. मकबऱ्याची, किले अर्कची, बेगमपुऱ्याची तहान त्यांनीच भागवली.

राजधानीसाठी पैसा लागतो आणि तो शेवटी शेतकऱ्याच्या घामातूनच येतो. लढायांच्या धामधुमीतही अंबरने महसुलाची जी व्यवस्था लावली, तिचे नाव मलिकंबरी म्हणून मराठी मुलुखात दीर्घकाळ राहिले. गावे ठेक्याने देऊन ठेकेदाराने रयतेला पिळायचे, ही इजाऱ्याची पद्धत त्याने मोडली. जमिनीची प्रतवारी केली, प्रत्यक्ष पिकाचा अनेक वर्षांचा अंदाज घेऊन सारा ठरवला, आधी धान्यात आणि मग रोखीत. पाटील-कुळकर्ण्यांना जबाबदार धरले. पुढे स्वराज्याच्या महसूल व्यवस्थेनेही या पायाचा आधार घेतला. शेवगाव, पैठण, नेवासे या गोदाकाठच्या काळ्या जमिनींचा मुलूख त्याच्या राज्याच्या अगदी मध्यावर पडत होता. हा मुलूख सुखी राहिला तरच खडकीचे बाजार भरणार होते.

बाजार भरलेही. पण १६१५-१६ च्या हिवाळ्यात अंबरच्या काही हबशी व मराठा सरदारांनी, जाधवरावांसह, मोगलांची वाट धरली. वाटाडे मिळाल्यावर खानखानान अब्दुर्रहीमचा मुलगा शाहनवाजखान फौजेसह आत घुसला. जालन्याजवळ रोशनगाव येथे १६१६ च्या फेब्रुवारीत लढाई झाली. अंबरचा पराभव झाला आणि तो दौलताबादेकडे हटला. तट नसलेली खडकी मोगलांपुढे उघडी पडली. त्यांनी शहर लुटले, वाडे पाडले, घरांना आगी लावल्या आणि ते परत गेले. येथे एक विचित्र योग आहे. याच काळात बुऱ्हाणपुरात खानखानानच्या अमलाखाली अंबरसारखीच भूमिगत जलव्यवस्था, आज कुंडी भंडारा म्हणून प्रसिद्ध असलेली, आकाराला आली होती. बाप एका शहरासाठी जमिनीखालून पाणी आणत होता आणि मुलगा तसल्याच दुसऱ्या शहराची राख करत होता.

याच सुमाराला जहांगीरच्या दरबारातील अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला बादशहा भाल्याच्या टोकावर रोवलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबरचे मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही. जहांगीरने आपल्या आठवणींत अंबरचा उल्लेख शिव्याशापांशिवाय क्वचितच केला आहे. सम्राटाला चित्रात तरी सूड घ्यावासा वाटावा, यातच अंबरचे मोठेपण आले.

दुसऱ्या वर्षी अंबरच्या छावणीत पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी येऊन गेला. पराभवाला फार दिवस झाले नव्हते, तरी त्याला दिसलेला म्हातारा खचलेला नव्हता. उंच, धिप्पाड, करड्या चेहऱ्याचा आणि शिस्तीचा भोक्ता असे त्याचे वर्णन या परक्याने केले आहे. अंबरच्या बालपणाची आणि गुलामगिरीची जी थोडी माहिती आपल्याला मिळते, ती देण्यातही त्याचा वाटा आहे.

खडकी पुन्हा उभी राहिली आणि १६२१ मध्ये पुन्हा जळाली. या वेळी मोगलांची मोहीम शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याच्या नेतृत्वाखाली होती. निजामशहा व अंबर आधीच दौलताबादच्या आश्रयाला गेले होते. सैन्याने काही दिवस मुक्काम ठोकून शहराचा इतका विध्वंस केला की वीस वर्षांतही ते पूर्वस्थितीला येणार नाही, असा मोगल दरबाराचा समज झाला. पण आगीने लाकूड जळते, छपरे कोसळतात, भिंती पडतात. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या पाण्याला आग लागत नाही. फौज परतल्यावर लोकांनी येऊन पहिल्यांदा काय पाहिले असेल, तर हौदात पाणी पडते आहे की नाही. ज्या माळावर पाणी येते तो माळ ओसाड राहत नाही.

अंबर स्वतः मात्र या दुःखातून दुसऱ्याच्या शहराविषयी काही शिकला, असे दिसत नाही. १६२४ मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. नगरच्या पूर्वेला भातवडी येथे त्यांची गाठ पडली. अंबरने तेथील तलावाचा बांध फोडला. पाण्याने व चिखलाने शत्रूची छावणी बेजार झाली, तोफा व जनावरे रुतली, रसद तुटली आणि मग त्याने घाव घातला. शहर जगवायला जे पाणी त्याने खडकीत वापरले, तेच येथे हत्यार झाले. आदिलशाहीचा मुख्य सेनानी मुल्ला महंमद लारी पडला. अंबरच्या बाजूने शहाजीराजे गाजले, त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. विजयाच्या धुंदीत अंबर विजापूरपर्यंत गेला आणि इब्राहिम आदिलशहाने १५९९ पासून मोठ्या हौसेने उभारत आणलेले नवरसपूर त्याने उद्ध्वस्त केले. संगीतप्रेमी सुलतानाची ती स्वप्ननगरी पुन्हा उभी राहिली नाही. ज्याची राजधानी दोनदा जळाली, त्याच्याच हातून दुसऱ्याची राजधानी कायमची मोडली गेली.

१४ मे १६२६ रोजी मलिक अंबरचे निधन झाले. वय ऐंशीच्या घरात. अमरापूरची परंपरा प्रमाण मानली, तर मरणसमयी तो राजधानीत नव्हता. त्याच्या एकूण आयुष्याशी हे सुसंगतच आहे. त्याच्या मृत्यूनंतर मोगल बखरकारानेसुद्धा त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मोकळ्या मनाने स्तुती केली. खुलताबादला त्याच्या कबरीजवळच पत्नी करीमा हिची कबर आहे.

मुलगा फत्तेखान याने खडकीचे नाव बदलून फतेहनगर केले, पण बापाची धमक त्याच्यात नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेले. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षे निजामशाहीचा दिवा तेवत ठेवला. १६३६ मध्ये तोही विझला. मोगलांचा दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या तरुण औरंगजेबाने मुक्कामासाठी दौलताबाद किंवा नगर निवडले नाही. त्याने अंबरचे शहर निवडले आणि दुसऱ्या सुभेदारीत, १६५३ मध्ये, त्याला आपले नाव दिले. वीस वर्षांत सावरणार नाही म्हटलेले शहर बत्तीस वर्षांनी जाळणाऱ्यांचीच दख्खनमधली राजधानी झाले. त्यानंतर किले अर्क उठला, मकबरा उठला, तट व दरवाजे आले, आणि नंतर आसफजाही आली. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली तेव्हा या शहराचे राजधानीपण संपले. अंबर, औरंगजेब आणि पहिला निजाम हे तिघेही आज खुलताबादच्या मातीत एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत.

नहर-ए-अंबरी मात्र या सर्वांपेक्षा अधिक काळ टिकली. विसाव्या शतकातही शहराच्या काही भागांना तिचे पाणी मिळत होते. मग नळयोजना आल्या आणि तिच्या देखभालीची गरज कोणाला वाटेनाशी झाली. वस्ती वाढली तशी तिच्या मार्गावर घरे चढली, पाया खणताना बोगदे फुटले, तोंडे बुजली, काही ठिकाणी सांडपाणी शिरले. नहरींच्या जतनासाठी अभ्यासक व नागरिक वेळोवेळी आवाज उठवत आले आहेत. दोनदा शहर जाळणाऱ्या मोगलांना जे जमले नाही ते शांततेच्या काळात आपल्या हातून घडले, असे म्हणणे कटू असले तरी खोटे नाही.

आज या शहराची तहान पैठणच्या जायकवाडी प्रकल्पावर अवलंबून आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झालेले हे धरण. त्याच्या नाथसागराचा फुगवटा शेवगाव तालुक्यात शिरला आहे. गोदाकाठच्या काळ्याभोर जमिनी त्यात गेल्या, गावे उठली व नव्या जागी वसली. पाणी ओसरलेल्या उन्हाळ्यात जुन्या गावांचे चौथरे आणि देवळांचे दगड उघडे पडतात, तेव्हा म्हातारी माणसे ते पाहायला जातात. तेच पाणी पैठणहून विजेच्या पंपांनी चढावर रेटत संभाजीनगरला नेले जाते. वीज गेली की शहराचा पाणीपुरवठा कोलमडतो आणि मोहल्ल्यांत टँकर फिरू लागतात. ज्या भागांतून ते फिरतात, त्यांतल्या काहींच्या खाली नहर-ए-अंबरीचा बोगदा अजून आहे.